पाण्यात गेलेले पैसे

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीत अलीकडे एक नवाच विषय रुजला आहे. पूर्वी चार माणसे जमली की बदल्यांची, बढत्यांची आणि मुलांच्या शाळांची चर्चा होई. आता चहाचा पहिला घोट पोटात गेला की कोणीतरी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहतो आणि सुस्कारा सोडतो. तेथे भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र टांगलेले असते; निळा दिवा लुकलुकत असतो. 'वीस हजार मोजले, वर दरसाल चार-पाच हजारांच्या गाळण्या बदला, आणि पाणी पाहाल तर चव ना ढव!' मग दुसरा आपला आकडा सांगतो, तिसरा त्याहून मोठा सांगतो. ज्याचा आकडा मोठा त्याचा पश्चात्ताप मोठा, आणि ज्याचा पश्चात्ताप मोठा त्याला बैठकीत मान मोठा. पैसे पाण्यात गेले, हा आपल्या भाषेतला जुना वाक्प्रचार इतक्या शब्दशः खरा ठरण्याची वेळ यापूर्वी क्वचितच आली असेल.

आमचा वाद या पश्चात्तापाशी आहे. माणसाने चुकीची खरेदी करावी आणि मग हळहळावे, यात नवल काही नाही. संसार म्हटला की असे व्हायचेच. परंतु हळहळ कशाची करावी यालाही काही धरबंध असावा. वीस हजार रुपये गेले ही या व्यवहारातली सर्वांत लहान रक्कम आहे, आणि आमची मंडळी नेमकी तीच खाती मांडून बसली आहेत. उरलेल्या रकमा कोणाच्या नावे पडल्या, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

आधी या पस्तावणाऱ्यांचे व्याकरण पाहावे. यंत्र घेतले तेव्हा कर्ता प्रथमपुरुषी होता: 'आम्ही घेतले, सर्वांत वरच्या प्रतीचे घेतले.' पस्तावण्याची वेळ येताच वाक्य कर्मणी होते: 'घेतले गेले.' कोणाकडून? विक्रेत्याने गळ घातली, शेजारच्या घरी होते, घरातल्यांनी हट्ट धरला. हा शेवटचा आरोप तर विशेष संतापजनक आहे. ज्या गृहिणीला महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शंभराची नोट चार दिवस कशी पुरवावी हे कळते, तिला वीस हजारांचा मोह आवरत नाही, असे म्हणणाऱ्याने आपल्या घरचा जमाखर्च एकदा तरी तिच्या हातून पाहावा. खरी गोष्ट अशी की या खरेद्यांवर सही बहुधा पुरुषाची असते. टिपणी मात्र कर्मणी प्रयोगात लिहिण्याची आम्हां कचेरीतल्या लोकांना सवयच झाली आहे.

ही यंत्रे आमच्या वस्तीत एकदम शिरली ती २०१६ साली. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी त्या वर्षीच्या ऑगस्टच्या पगाराबरोबर एकरकमी हाती पडली. वाचकांपैकी बहुतेकांना तो महिना स्मरत असेल. जयपुरात त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली होती. या शहराला पाणी पाजणारे बनास नदीवरचे बिसलपूर धरण भरून वाहिले, त्याचे दरवाजे उघडावे लागले. तिकडे धरणाचे दरवाजे उघडे आणि इकडे आमच्या पिशव्यांची तोंडे उघडी! शहराला भरपूर आणि गोडे पाणी मिळण्याची खात्री ज्या महिन्यात झाली, त्याच महिन्यात आमच्या बनी पार्कात, कबीर मार्गापासून कलेक्टर कचेरीपर्यंत, त्या पाण्यावर अविश्वास दाखवणारी यंत्रे घरोघर भिंतीला खिळली गेली. राजस्थानात बनी म्हणजे गावाने मिळून राखलेले लहानसे रान. आमच्या बनीत आता प्रत्येक जण आपापल्या भिंतीपुरतेच राखतो, असे म्हणण्याचा मोह होतो. असो.

ती खिळली कशी गेली, हे सांगण्याजोगे आहे, कारण वाचक ज्या ज्या शहरी असतील तेथे हाच खेळ होत असणार. विक्रेता येतो तो एक छोटी पेटी घेऊन. तिला चार सळया असतात, दोन लोखंडाच्या आणि दोन ॲल्युमिनियमच्या. एक पेला आपल्या नळाच्या पाण्याचा, एक पेला त्याने आणलेल्या 'शुद्ध' पाण्याचा. सळया बुडवून तो वीज सुरू करतो. दोन मिनिटांत आपल्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ उसळू लागतो, फेस येतो. त्याचा पेला जवळजवळ जसाच्या तसा स्वच्छ. घरातली मुले किंचाळतात, म्हाताऱ्या आई तोंडाला पदर लावतात, आणि गृहस्थ मुकाट्याने धनादेशाचे पुस्तक काढतात.

या प्रयोगात लबाडी आहे ती इतकी साधी की शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाने ती उघडी पडावी. नळाच्या पाण्यात चुना, मॅग्नेशियम, मीठ असे क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते, आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. पेल्यात दिसतो तो गाळ पाण्यातला नव्हे, विक्रेत्याच्या सळईतला. यंत्रातून काढलेल्या पाण्यात क्षार उरलेले नसतात, वीज नीट वाहत नाही, म्हणून तो पेला स्वच्छ. त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडावी. तोही तसाच घाण होतो. मीठ प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात हाताशी असते. तरी ते टाकून पाहावे असे शंभरांत एकाच्याही मनात येऊ नये, याला काय म्हणावे? आणि हे सारे पदवीधर, स्पर्धा-परीक्षा उत्तीर्ण, दुसऱ्यांच्या देयकांत दोन रुपयांची चूक हुडकून काढणारे लोक!

गंमत अशी की 'यंत्र' हा शब्द जयपुरात तरी इतक्या हलकेपणाने वापरू नये. सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी टॉलेमीचा आणि युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात आणला. त्या राजाच्या जंतरमंतरात दगडा-चुन्याचे सुमारे सत्तावीस मीटर उंचीचे सम्राट यंत्र आजही सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगते. जे यंत्र माणसाला मोजायला शिकवते ते निराळे, आणि जे मोजण्याची गरजच संपवून टाकते ते निराळे. आमच्या भिंतीवरच्या यंत्राला एक आकडा दिसत असतो खरा. त्या आकड्याचा अर्थ विचारला तर मालक विक्रेत्याचे शब्द म्हणून दाखवतात, पुढे काही नाही.

तो आकडा म्हणजे टीडीएस, पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण. भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे २०१२ चे मानक असे सांगते की दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत हे प्रमाण ग्राह्य आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंतही चालवून घेता येते. हा आकडा रोगजंतूंविषयी एक अक्षरही बोलत नाही. शंभर टीडीएसच्या पाण्यात विषमज्वराचे जंतू सुखाने नांदू शकतात, आणि सहाशेचे पाणी पिऊन पिढ्यान्‌पिढ्या ठणठणीत राहिलेली गावे या राजस्थानातच दाखवता येतील. आकडा जितका कमी तितके पाणी अमृत, ही समजूत कोणत्या शास्त्रात आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली पिण्याच्या पाण्यातील पोषक द्रव्यांवर लेखांचे एक संकलन प्रसिद्ध केले. त्यात उलट अशी चिंता व्यक्त झाली आहे की क्षार पार काढून टाकलेले पाणी सतत पीत राहिल्यास कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचा जो थोडा वाटा पाण्यातून शरीराला मिळतो तो हुकतो. बिसलपूरचे पाणी टोंक जिल्ह्यात सूरजपुरा येथे शुद्ध होऊन जयपूरला येते. त्या पाण्याचा आकडा आम्ही उसन्या मापकाने अनेकदा पाहिला आहे. तो पाचशेच्या बराच आत असतो. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी आले की मात्र तो वर चढतो.

येथे आमच्यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे यंत्र मुळात थोतांड नव्हे. उलट्या परासरणाची पातळ पटले लोब आणि सौरीराजन या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिद्ध केली. त्यांपैकी सौरीराजन हे भारतात जन्मलेले. १९६५ साली तेथल्या कोलिंगा नावाच्या गावात, जेथे विहिरींचे पाणी इतके खारट होते की पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागे, हे तंत्र प्रथम गावाच्या पाणीपुरवठ्याला लावले गेले. गावाच्या पाणीपुरवठ्याला! म्हणजे जन्मतःच ते सार्वजनिक होते. राजस्थानात असे कितीतरी तालुके आहेत की तेथे जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे, नायट्रेट आहे, खारेपणा आहे. लहान मुलांचे दात पिवळे पडतात, तरण्या माणसांची हाडे वाकतात. तेथे हे यंत्र औषध आहे, आणि औषधाला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. परंतु तेथेसुद्धा एकच मार्ग होता असे नाही. आपल्या नागपूरच्या संस्थेने, १९५८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे नीरी या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेने, तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत बसवली. ती नलगोंडा पद्धत म्हणून सर्वत्र माहीत आहे. बादलीभर पाण्यापासून गावाच्या टाकीपर्यंत ती चालते. वाचकांपैकी कितीजणांनी तिचे नाव ऐकले असेल? जाहिरातीत ती येत नाही, आणि नटनट्या तुरटी हातात धरून हसत नाहीत.

तेव्हा प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नाही. ज्याला रोग नाही त्याने औषध घ्यावे का, हा आहे. आणि औषधाची किंमत दुसऱ्याने द्यावी का, हा त्याहून मोठा आहे.

कारण या यंत्राला एक नळी पाणी आणते, एक नळी पेल्याकडे जाते, आणि तिसरी नळी मोरीत जाते. या तिसऱ्या नळीकडे कोणी पाहत नाही. घरगुती यंत्र एक लिटर पाणी देते तेव्हा सर्वसाधारणपणे तीन लिटरांच्या आसपास टाकून देते. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून घरात दिवसाला वीस लिटर लागले तर साठ लिटर मोरीत गेले. वर्षाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा; एकवीस-बावीस हजार लिटर होतात. आता दुसरा आकडा घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला मिळावे असे पाणी किती ठरवले? पंचावन्न लिटर. त्यात पिणे आले, अंघोळ आली, भांडी-कपडे आले, सर्व काही आले. म्हणजे बनी पार्कातले एक घर आपले पाणी 'शुद्ध' करण्यासाठी रोज एका खेडुताचे संपूर्ण पाणी गटारात सोडते, आणि मग बैठकीत सुस्कारे सोडते ते वीस हजारांसाठी.

'पाणी फरशी पुसायला वापरतो' असे काहीजण सांगतात. वापरत असतील, त्यांना आमचा नमस्कार. साठ लिटरांनी रोज फरशी पुसणारे घर आम्हांला एकदा पाहायचे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ च्या मे महिन्यात असा आदेश दिला की ज्या पाण्याचा टीडीएस पाचशेच्या आत आहे तेथे अशा यंत्रांवर बंदी आणावी, आणि अन्यत्र यंत्राने निदान साठ टक्के पाणी वापरण्याजोगे परत द्यावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आम्हांला त्याच्या कायदेशीर बाजूत शिरायचे नाही. न्यायाधिकरणाने सांगेपर्यंत आपल्या मोरीत काय वाहते हे सुशिक्षितांना दिसू नये, एवढ्याचीच आम्हांला लाज वाटते.

'आमचे पैसे, आमची मर्जी. तुम्हांला काय त्याचे?' हा पुढचा प्रश्न. पैसे तुमचे, मान्य. पाणी कोणाचे? जयपूरजवळ बाणगंगा नदीवर १९०३ साली पूर्ण झालेले रामगढचे धरण होते. त्याने पिढ्यान्‌पिढ्या या शहराची तहान भागवली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतल्या नौकास्पर्धा त्याच तलावावर झाल्या. जेथे होड्या वल्हवल्या गेल्या तेथे पुढे गुरे चरू लागली. पाणलोटातले प्रवाह अडवले गेले, बुजवले गेले, आणि तलाव कोरडा पडला. मग शहराने आपली पाईप सुमारे सव्वाशे किलोमीटर लांब टोंक जिल्ह्यात नेली. बिसलपूरचे पाणी २००९ च्या सुमारास जयपूरच्या नळांना आले. त्याआधी, जून २००५ मध्ये, टोंक जिल्ह्यातल्या सोहेला येथे याच धरणाचे पाणी आपल्या शेतांना मिळावे म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले होते. गोळीबार झाला, पाच माणसे मेली. ज्या पाण्यासाठी त्यांनी जीव गमावला ते पाणी आज आमच्या नळाला येते, आणि त्यातले तीन-चतुर्थांश आम्ही न पिता, न वापरता, निळ्या दिव्याच्या उजेडात मोरीत सोडतो. आमची मर्जी, या शब्दाला येथे कितपत जागा आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जयगढच्या किल्ल्यात पावसाचे पाणी डोंगरावरून चरांनी आणून साठवणारी प्रचंड टाकी आहेत. १९७६ साली, आणीबाणीत, सरकारने तो किल्ला धनासाठी खणून काढला. सोने हाती लागले नाही. टाकी मात्र होती तेथेच होती. त्यांची नोंद धन म्हणून कोणी केली नाही. अलीकडे मेट्रोसाठी शहरातल्या चौपडींखाली खोदले तेव्हाही जुनी कुंडे वर आली, रस्त्याच्या मध्यभागी, सर्वांना भरता येतील अशी. जुने सारे चांगले होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. याच राजस्थानातल्या पायऱ्यांच्या विहिरींत नारू होता. पाय बुडवून पाणी भरणाऱ्या बाईच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर पडे, आणि पावसाळ्यात शेतीच्या ऐन वेळी घरेच्या घरे अंथरुणाला खिळत. जुन्या पाण्याची गोडी गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

परंतु तो नारू गेला कसा? भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे मान्य केले. त्या रोगावर लस नव्हती, रामबाण औषध नव्हते. पाण्यात पाय बुडवू नका, पायऱ्यांच्या विहिरी बदला, हातपंप बसवा, आणि पाणी दाट विणीच्या कापडातून गाळून प्या, एवढ्यावर तो हटला. आपल्या आयांच्या हंड्यावर जे गाळणे असे, तेच! रुपया-दोन रुपयांचे फडके. पण ते फडके प्रत्येक घरात गेले, गावोगाव कर्मचारी हिंडले, विहिरीवर उभे राहून शिकवले, रुग्णाचे नाव नोंदवले. श्रीमंताने आपल्यापुरते महागडे गाळणे आणून दार लावून घेतले असते तर नारू आजही जोधपुरात असता. श्रीमंताच्या घरी नव्हे, त्याच्या मोलकरणीच्या घरी.

आमच्या वादाचे मूळ येथे आहे. या मासिकाचे वाचक बहुतांशी सरकारी नोकर आहेत; आम्हीही आहोत. सामान्य वित्तीय नियम, २०१७, यांतला एकविसावा नियम आपण सर्वांनी परीक्षेपुरता तरी वाचला आहे. त्याचा आशय असा की सार्वजनिक पैसा खर्च करताना अधिकाऱ्याने तीच दक्षता बाळगावी जी साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना बाळगतो. सरकारने किती विश्वासाने आपल्या खाजगी शहाणपणाला माप म्हणून पुढे ठेवले आहे! आणि तो साधारण शहाणा माणूस काय करतो? कचेरीत पाचशे रुपयांच्या बादलीला तीन दरपत्रके मागतो, आणि घरी चार सळयांच्या जादूवर वीस हजार देतो. पाणी तपासून घेतो का? सार्वजनिक पाणी-प्रयोगशाळा २०२१ पासून जलजीवन मिशनने सामान्य माणसालाही खुल्या केल्या. बाटलीभर पाणी आणि अल्पसे शुल्क द्यावे, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू, सगळ्याचा कागद हाती पडतो. त्या कागदावर फ्लोराइड जास्त आले तर यंत्र खुशाल घ्यावे. जंतू आले तर पाणी उकळावे, क्लोरीनचे थेंब टाकावेत, फार तर नुसत्या अतिनील किरणांचे स्वस्त यंत्र घ्यावे. ते पाणी टाकून देत नाही. काहीच आले नाही तर माठ आहेच. जयपूरसारख्या कोरड्या हवेत माठाइतके थंड पाणी दुसरे कोण देणार? कुंभाराकडे तो काही शे रुपयांना मिळतो, आणि फुटला तर सुस्कारा सोडावा लागत नाही.

या यंत्राने आणखी एक गोष्ट गेली. ज्याच्या भिंतीवर यंत्र आहे त्याला नळाला काय येते याचे सोयरसुतक उरत नाही. पाणी गढूळ आले? यंत्र आहे. वास आला? यंत्र आहे. दोन दिवस आलेच नाही? टँकर आहे, आणि यंत्र आहे. वस्तीतला जो माणूस अर्ज लिहू शकतो, ज्याच्या दूरध्वनीला कचेरीत किंमत आहे, ज्याला नियम माहीत आहे, नेमका तोच तक्रार करीनासा होतो. मागे उरतात ते गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाला, हॉटेलातली पोरे, भाड्याच्या एका खोलीत राहणारी चार माणसांची कुटुंबे. त्यांच्या तक्रारीला टपालाचा शिक्काही मिळत नाही. आपण शासनाचे नोकर. शासनाच्या नळावर आपला विश्वास नाही, शासनाच्या शाळेवर नाही, शासनाच्या दवाखान्यावर नाही. आणि पगार मात्र शासनाचा. परप्रांतात आपल्याकडे लोक 'सरकार' म्हणून पाहतात. त्या सरकारच्या स्वयंपाकघरात सरकारी पाणी पिण्यालायक समजले जात नाही, हे आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला रोज दिसते. ती त्याच नळाचे पाणी कळशीत भरून घरी नेते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आठवडाभर गढूळ पाणी आले. जलवाहिनीला कोठेतरी छेद गेला होता. आम्ही अर्ज लिहिला आणि दारोदार सह्यांसाठी फिरलो. चौतीस घरे, सह्या अकरा. ज्या तेवीस घरांनी 'आम्हांला काही त्रास नाही' म्हणून हात जोडले, त्यांतल्या बहुतेकांच्या भिंतीवर तो निळा दिवा होता. त्यांतल्याच दोघांनी पुढच्या बैठकीत वीस हजारांचा सुस्कारा आमच्यासमोर सोडला, आणि आम्ही तो निमूटपणे ऐकून घेतला. अर्ज गेल्यावर आठव्या दिवशी माणसे आली, रस्ता खणला, छेद बुजवला. म्हणून ज्या कचेरीकडे अर्ज गेला तिच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. अकरा सह्यांवर आठ दिवस लागले. चौतीस असत्या तर किती लागले असते, ते कचेऱ्यांत काम करणाऱ्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता यंत्रे घेतलीच आहेत त्यांनी ती मोडीत काढावीत, असे आमचे म्हणणे नाही. मोडीतून काय मिळणार? कूपनलिकेचे पाणी येईल त्या दिवशी ती चालवावीत, बिसलपूरचे येईल त्या दिवशी बंद ठेवावीत. तिसऱ्या नळीखाली बादली ठेवावी आणि ती भरायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून पाहावे. बदलीचा हुकूम आला की यंत्र अर्ध्या किमतीला विकण्याची चिठ्ठी कचेरीच्या फलकावर लागते. ती लावणाऱ्याने चिठ्ठीत तेवढा बादलीचा आकडाही लिहावा, म्हणजे घेणाऱ्याला विक्रेत्याच्या सळयांपेक्षा काहीतरी अधिक कळेल. आणि बैठकीत रुपयांचा आकडा सांगण्याऐवजी तोच सांगावा.

नव्या उन्हाळ्यासाठी आम्ही दुसरा अर्ज टंकून ठेवला आहे. पाण्याचा नमुना महिन्यातून एकदा आमच्या गल्लीच्या नळावरून घ्यावा आणि त्याचा निकाल गल्लीच्या तोंडाशी लावावा, एवढीच त्यात मागणी आहे. सह्यांसाठी चौतीस ओळी आखलेल्या आहेत, आणि पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पहिल्या घरापासून निघणार आहोत.